साडेसहा मीटरची दुमड

नदीकाठच्या एल बांको गावातल्या निम्म्या बायकांच्या पायांशी इल्वा पेद्रोसो कधी ना कधी गुडघे टेकून बसलेली आहे. भक्तिभावानं नव्हे, तोंडात टाचण्या धरून. कुंबियाचा नाच करताना नेसायच्या पोयेऱ्याचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर पूर्ण गोल असतो, आणि त्याची खालची दुमड आखायची तर नेसणारीनं ताठ उभं राहायचं आणि शिवणारीनं जमिनीवर बसून, काठी आणि खडू घेऊन, तिच्याभोवती सरकत फिरायचं. दुसरा मार्ग नाही. "हलू नका. श्वास घ्या, पण थोडा," हे इल्वा चाळीस वर्षं सांगत आली होती; टाचण्यांमधून सांगितल्यामुळे ते कुणालाच कधी नीट ऐकू आलं नव्हतं.

तिचं दुसरं कसब होतं खोटं बोलण्याचं. टेप कमरेभोवती फिरवली की वहीत खरा आकडा लिहायचा आणि तोंडानं चार सेंटिमीटर कमी सांगायचे.

"शहाण्णव, दोन्या कार्मेन्सा."

"बघ! आणि माझी सून म्हणते मी सुटले."

"सुनांना टेप वाचता येत नाही हो."

पोयेरा अंगाला नीट बसायचा, कार्मेन्साबाई खूश होऊन जायच्या, आणि सुनेच्या नावानं नदीकाठी आणखी आठवडाभर बोललं जायचं.

आता बासष्टाव्या वर्षी इल्वानं स्वतःसाठी पोयेरा शिवायला घेतला होता. ज्येष्ठांच्या नाचमेळ्यात एक जागा रिकामी झाली आणि तिच्या तोंडून 'हो' निघून गेलं. रविवारी उत्सवात चौकात नाचायचं होतं. इतकी वर्षं ती का नाचली नाही, तर उत्सवाच्या दिवसापर्यंत कुणाचा ना कुणाचा पोयेरा मशीनवर असायचा. आणि शिवाय घरी मेल्बा होती. धाकटी बहीण. दोघी दार उघडं टाकून आत शिवत बसायच्या आणि बाहेरचे ढोल ऐकत, कुणाचा घेर कसा पडतोय यावर अंदाज लढवायच्या. मेल्बा जाऊन चौदा महिने झाले होते. ती असती तर इल्वा मेळ्याला 'नाही' म्हणाली असती. घरात बोलायला माणूस असतं.

कापडाचा हिशोब तिनं भुऱ्या कागदावर मांडला. कमरेला सहा पूर्णांक अठ्ठावीसनं भागायचं की आतल्या छोट्या गोलाची त्रिज्या मिळते. त्यात पोयेऱ्याची लांबी मिळवायची की बाहेरच्या मोठ्या गोलाची. चौदा आणि नव्वद, एकशेचार. इतका मोठा गोल दीडशेच्या पन्ह्यात मावत नाही, म्हणून दोन अर्धगोल. सव्वाचार मीटर कापड, आणि कडेला उरलेल्या पट्टीतून झालर. फुलंही तिनं विचार करून निवडली होती. एकाच दिशेला तोंड केलेली फुलं घेतली की पुढून ती ताठ उभी दिसतात, बाजूला आडवी पडतात. इल्वाची फुलं बारीक होती आणि सगळीकडे तोंडं करून बसली होती.

मग आखणी. काठाच्या मध्यावर दोरीचं टोक दाबून धरायचं आणि दुसऱ्या टोकाच्या खडूनं अर्धगोल फिरवायचा. टोक दाबायचं काम मेल्बाचं असे. या वेळी इल्वानं तिथं इस्त्री ठेवली. इस्त्रीचा अंगठा अवघडत नाही, आणि मध्येच गाणं सुचून ती डुलू लागत नाही. पण खडू फिरून आला तरी इस्त्रीनं "झालं का ग?" म्हणून विचारलं नाही.

दोन्ही अर्धगोल जोडून तिनं पोयेरा चढवला, तर कमरेला टोकं मिळेनात. पोट आत ओढलं, तरी चार सेंटिमीटरचं अंतर तसंच. तिनं टेप पुन्हा फिरवली. ब्याण्णव! कागदावर मात्र स्वच्छ अक्षरात अठ्ठ्याऐंशी. वहीत लिहिताना नेहमी खरं लिहिणारा हात या वेळी तोंडाचं ऐकून बसला होता. इल्वा खदखदून हसली, आणि हसता हसता हे सांगायला म्हणून मशीनच्या पलीकडे वळली. तिथं मेल्बाची रिकामी खुर्ची होती. तिनं हसू आवरलं आणि आतल्या गोलाची अर्ध्या बोटाची कडा गुपचूप कापून टाकली.

मग पोयेरा तीन दिवस टांगून ठेवला. गोलात कापड कुठं सरळ असतं, कुठं उरेब, म्हणजे तिरकं, आणि उरेब भाग स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. तो काय उतरायचा तो उतरू द्यायचा आणि मगच दुमड आखायची. तीन दिवस पोयेरा झोपण्याच्या खोलीच्या दारात लटकत होता आणि येता जाता इल्वा त्याला "सरक जरा" म्हणत होती. तो सरकायचाही.

गुरुवारी दुमडीचा दिवस उजाडला, आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की एकाच वेळी पोयेऱ्यात उभं राहायचं आणि पोयेऱ्याखाली बसायचं, असं कुणालाच जमत नाही. आरशासमोर वाकली की मागचा घेर वर जाई. सरळ झाली की हात पोचत नसे. शेवटी तिनं दाराच्या चौकटीत खडू माखलेली दोरी आडवी ताणली आणि दोरीला टेकून हळूहळू स्वतःभोवती फिरू लागली.

"नीन्या इल्वा!" रस्त्यावरून मासेवाला अबिमाएल ओरडला. नदीकाठी बाई कितीही म्हातारी झाली तरी तिला 'पोरी'च म्हणतात. "एकट्याच नाचताय? जोडीदार कुठाय?"

"तुझे मासे शिळे निघाले, ते परत करायला गेलाय!"

तो हसत गेला. इल्वानं खाली पाहिलं. चुण्यांच्या टोकांवर खडूचे अकरा ठिपके, आणि मधल्या खोलगट भागांत काही नाही.

दोन घरं सोडून कार्मेन्साबाई राहत होत्या. इल्वा त्यांच्याकडे दोन लिंबं घेऊन गेली, हवेबद्दल बोलली, परत आली. दुपारी आणखी दोन नेली. चाळीस वर्षं ज्यांच्या पायांशी बसलो, त्यांना 'आता तुम्ही बसा' म्हणायचं कसं? शुक्रवारी सकाळी ती पुन्हा दारात उभी राहिली.

"इल्वा, लिंबांचं दुकान टाकलंयस का ग? काय हवंय ते बोल."

"माझी दुमड आखायला माणूस हवंय."

कार्मेन्साबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. "हे एकदा खाली गेले की यांना वर आणायला अग्निशमन दल लागेल."

"मी टेबलावर उभी राहते. तुम्ही स्टुलावर बसा."

तसंच झालं. कापायच्या टेबलावर इल्वा चढली आणि कार्मेन्साबाई काठी, खडू आणि जोरजोरात श्वास घेऊन, स्टूल सरकवत भोवती फिरू लागल्या. चष्मा त्या घरी विसरल्या होत्या.

"हलू नकोस! टाचण्या तोंडात धरायच्या असतात का ग?"

"नको, बोलता बोलता गिळाल."

"मग गप्प उभी राहा. मी काय केलं असतं माहितेय? मलाही नाचात घ्या म्हटलं असतं, पण या देहाला कापड कुठून आणायचं?"

"शहाण्णवच तर आहात."

"हो ना!" कार्मेन्साबाई खूश झाल्या आणि खडू जोरात दाबला.

 इल्वाच्या पायांभोवती कापड हलकेच ओढलं जात होतं, सोडलं जात होतं, पुन्हा ओढलं जात होतं. मेल्बा गेल्यावर रांगेनं येऊन मिठी मारून गेलेल्या माणसांनंतर कुणी तिच्या इतक्या जवळ आलं नव्हतं. फेरी पूर्ण होत आली तेव्हा तिनं उगाच म्हटलं, "डावीकडे पुन्हा एकदा बघता का?"

बाई निघून गेल्या. घर पुन्हा आपल्या आवाजावर आलं, म्हणजे घड्याळाच्या. इल्वानं पोयेरा टेबलावर पसरला. डावीकडे रेघ दोन बोटं वर होती. मागे लोंबली होती. एका ठिकाणी दोन रेघा होत्या आणि दोन्ही चुकीच्या. तिच्या हातची वाकडी दुमड या गावानं कधी पाहिली नव्हती. रविवारी भर चौकात पाहणार होतं. खडू पुसायचं फडकं तिनं उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि खाली ठेवलं.

मग सुईत दोरा ओवला आणि कार्मेन्साबाईंच्या रेघेवरून, साडेसहा मीटर, बारीक टाके घालत निघाली. मागच्या बाजूला बाईंना शिंक आली होती तिथं रेघ बोटभर वर उडाली होती. तिथं सुई क्षणभर थांबली. मग तीही वर गेली.