चारुलताचं वाडगं आणि हेमकांतभाऊंची पाठ

चारुलता माझी शेजारीण. ब्राह्मणपुरीत आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे तिच्याकडचं सगळं मला ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते मी जाऊन विचारते. दोन वर्षांपूर्वी ती लेकीकडे, नाशिकला गेली आणि आठ दिवसांचा एक वर्ग करून काशाची तीन वाडगी घेऊन आली. माणसाला पालथं झोपवायचं, कपड्यांवरूनच पाठीवर वाडगं ठेवायचं आणि कापड गुंडाळलेल्या दांडीने हलकेच ठोकायचं. नाद कानात घुमतोच, पण त्याची झणझण पाठीतून खाली उतरत जाते. पहिली मीच आडवी झाले. उठले तेव्हा मान अशी मोकळी, की मी उगाचच दोनदा मागे वळून पाहिलं.

रविवारी दुपारी तिच्या ओसरीवर कापूस वेचून आखडलेल्या बाया येतात. दिवलीबाई तर सतरंजीवर टेकायच्या आधीच जांभई देते. चारुलता प्रत्येकीला बजावते, "डाक्टरनी गोळी बंद करू नका. हाऊ फक्त आराम शे."

पण हे सगळं ती शिकली होती एकाच माणसासाठी, नवऱ्यासाठी. हेमकांतभाऊंनी पंचवीस वर्षं रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी भरलं. आता त्यांची मोटार मोबाईलवरून चालू होते, पण गेलेली झोप काही परत आली नाही. दोन तास डोळा लागला तरी डोक्यावरून पाणी. त्यांना एकदा वाडग्याखाली झोपवायचं, एवढीच तिची इच्छा, आणि नेमका तोच माणूस तयार नाही. म्हणायचे, "मन्ही पाठ काय चूल शे का, भांडं ठेवाले?"

मागच्या महिन्यात भाऊंनी कमाल केली. आमच्याकडे लग्नाकार्यात भांडी घरोघर फिरतात, म्हणून चमच्यापासून हंड्यापर्यंत प्रत्येकावर नाव घालून घ्यायची पद्धत. चारुलता माहेरी गेल्याचं पाहून भाऊ तिचं मोठं वाडगं, पाठीवर ठेवायचं ते, उचलून बाजारात घेऊन गेले आणि नाव घालून आणलं. घालणाऱ्याचा हात जड, कासं ठिसूळ. काठापासून केसाएवढी चीर गेली. माहेरून आल्यावर चारुलताने दांडी मारली तर आवाज बद्द.

"हाराई जावाले नको म्हनीसन नाव टाकं," भाऊ पुटपुटले. हरवू नये, म्हणून!

ती काय काय बोलली ते मी भिंतीतून ऐकलं, ते इथे लिहीत नाही. मग तिने नाव वाचलं. त्या घरातल्या यच्चयावत भांड्यांवर सासऱ्यांचं नाव, दोधू. या एकावर नुसतं 'चारुलता'. धड रागावण्याचीही सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शहाद्याला पन्नालालशेठच्या दुकानात गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण ही मजा मी सोडणार होते थोडीच! मोडीत आलेली काशाची जुनी वाडगी शेठनी गोणीतून काढून पुढे मांडली. बाहेर ट्रॅक्टर, हॉर्न, भाजीवाल्याचा भोंगा. नाद कानाने पारखणं शक्यच नव्हतं. चारुलताने इकडेतिकडे पाहिलं आणि भाऊंना शेठची पांढरी गादी दाखवली.

"तुम्ही आडा पडा आठे. झनझन कोठलोंग जास, ते सांगा."

"आठे? इतला लोकेसमा?"

"वाडगं कोनी फोडं?"

भाऊ मुकाट्याने चप्पल काढून पालथे झाले. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मी तर तोंडात पदरच कोंबला.

पहिलं वाडगं. "काहीच नही." दुसरं. "कंबरलोंग." तिसऱ्याला गुदगुल्या झाल्या. चौथं, पाचवं पुन्हा कमरेशीच अडकलं. सहाव्याला ते म्हणाले, "गुडघालोंग उनं," आणि त्यांचा आवाज झोपेने जरा जड झाला होता. सातवं वाडगं काळं पडलेलं, बुडाशी जाड. तिने हलकेच दांडी मारली.

"कोठलोंग?"

तिने नाद विरू दिला आणि पुन्हा मारली. भाऊंचा गादीवरचा हात सैल सुटला होता. शेठ वाकले, "भाऊ?" भाऊ घोरायला लागले.

भर बाजारात, भर दुपारी, पंचवीस वर्षं जागलेला माणूस झोपला होता. चारुलता हसत होती आणि डोळे पुसत होती. मला इतका आनंद झाला, की मी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईचा हातच धरला.

शेठनी सवयीने वाडगं बांधायला कागद फाडला. चारुलताने त्यांचा हात अडवला.

"आते नको, शेठ. उचलं ते जाग यी जाई."

शेठनी कागद खाली ठेवला, उठून शटर अर्धं ओढलं, आणि दारातल्या गिऱ्हाइकांना हळूच सांगितलं, "उद्या या."