पाण्यात न सोडलेलं मीठ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी याद्या करणारी बाई. कुठलं काम झालं, कुठलं राहिलं, सगळं वहीत. हे लिहायचं धाडस करतेय ते त्या वहीच्या जोरावर... यातला प्रत्येक आकडा तिथे आहे, आणि तरी उत्तर सापडत नाही.

आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला, ॲडम्सटाउनला राहतो. नवरा आयटीत. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी क्लोनडॉकिनजवळच्या एका कॉलेजात कलिनरी आर्ट्सच्या कोर्सला नाव घातलं. स्वयंपाक येत होता, हातात कागद नव्हता. वर्गातून एकालाच नावनच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये प्लेसमेंट मिळणार होती. ती मला हवी होती. यादीत पहिल्या नंबरवर.

दोघींत एक टेबल. माझी जोडीदार डर्व्हला, साधारण माझ्याच वयाची, बोलायला गोड. रविवारी दुपारी दोन्ही मुलांसाठी स्वतः रोस्ट करते, हे दर सोमवारी सांगायची. तिलाही नावनच हवं होतं.

माझी एक खोड होती – मी शिजवताना चाखत नसे. माहेरी नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, तेच अंगात मुरलेलं. मिठाचा अंदाज हातावर आणि वासावर. शेफ नोएल रोज ओरडायचे, "टेस्ट, व्हायशाली, टेस्ट!" मी चमचा ओठांपर्यंत नेऊन खाली ठेवायचे. हे फक्त टेबलाच्या पलीकडून दिसायचं.

डिसेंबरच्या प्रॅक्टिकलला सीफूड चाउडर, म्हणजे मासे घातलेलं दाट सूप, होतं. मी क्रीम आणायला दोन मिनिटं फ्रिजकडे गेले. परत आले, ढवळलं, वाढलं. शेफनी एक चमचा घेतला आणि सिंककडे धावले.

"व्हायशाली, इथला समुद्रसुद्धा इतका खारट नाही गं बाई."

नापास.

कॉलेजात प्रत्येक डब्यावर नाव-तारखेचं लेबल लागतं. मी वजनही लिहायचे. माझ्या मिठाच्या डब्यात सकाळी पाचशे ग्रॅम होतं, मी वापरलं बारा. आता भरलं तीनशे नव्वद. आणि चेंजिंग रूमच्या दाराशी डर्व्हलाचा आवाज – "ती चाखतच नाही! आधी तिच्या देवाला लागतं ना. म्हटलं, देवाला जरा जास्त मीठ चालेल." मग सगळ्यांचं हसणं.

वही घेऊन शेफकडे गेले. "हे आकडे तूच लिहिलेस," ते म्हणाले. "आणि तू चाखलं का नाहीस?" मी वही मिटली, डबा पिशवीत टाकला आणि बस पकडली.

घरी सासूबाई होत्या, कराडहून तीन महिन्यांसाठी आलेल्या.

"त्वांड बग कसं झालंया! दृष्ट लागलीया तुला. बस हितं."

"आई, दृष्ट कसली, एका बाईने माझ्या भांड्यात मीठ ओतलं."

"मंग त्योच डबा आण."

त्यांनी त्यातलं मूठभर मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या, माझ्यावरून उतरवल्या. नेहमीसारखं पुटपुटल्या नाहीत. मला स्वच्छ ऐकू आलं – "जिनं केलं, तिच्याच ताटात पडू दे."

असलं मीठ जाळायचं असतं. पण आमची शेगडी विजेची, आणि वर स्मोक अलार्म. मागे त्यांनी मिरच्या जाळल्या तेव्हा अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती. म्हणून मूठ त्यांनी डब्यातच परत रिकामी केली.

"उद्या वाहत्या पान्यात सोड समदं. इसरू नगंस. घरात ठिवायचं नसतंय."

मी वहीत लिहिलं – 'मीठ कालव्यात सोडणे' – आणि डबा प्रेसमध्ये ठेवला. इथे किचनच्या कपाटाला प्रेस म्हणतात.

जानेवारीत डर्व्हलाचं सूप खारट झालं. मग सॉस. मग साखरेच्या पाकात शिजवलेली पेअर्स... त्या दिवशी शेफनी सामान स्वतः मोजून दिलं, टेबलावर मीठ ठेवलंच नाही. तिने माझ्यासमोर तीनदा चाखलं. शेफनीही पातेल्यातलं चाखलं, "ग्रँड" म्हणाले. ताटलीतलं तोंडात घातलं आणि थुंकले.

घरी येऊन मी डब्याचं वजन केलं. का, सांगता येत नाही. तीनशे बेचाळीस.

झाकणाला टेप लावली, टेपवर नवऱ्याची सही घेतली. पुढच्या प्रॅक्टिकलनंतर सही जागेवर, मीठ सोळा ग्रॅम कमी.

"ओल आली असेल," नवरा.

"ओल आली की मीठ जड होतं. हलकं नाही."

त्याने नवा काटा आणला. आकडा तोच.

कराडला परतलेल्या सासूबाई फोनवर विचारायच्या, "सोडलंस न्हवं पान्यात?"

"सोडते, आई."

मार्चमध्ये डर्व्हलाने मला कॉरिडॉरमध्ये अडवलं. डोळे सुजलेले. "काय केलंस तू मला?"

"मी? काही नाही," मी म्हटलं. "तू चाखून बघितलंस ना?"

खोटं कशाला बोलू... त्या एका वाक्यासाठी मी तीन महिने थांबले होते.

ईस्टरच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. मी चाउडर पुन्हा केलं, सात वेळा चाखलं, वहीत सात खुणा केल्या. पास झाले. नावनची जागा मला मिळाली.

इथे हे संपायला हवं होतं. पण डबा अजून हलका होतोय. आता आठवड्यातून एकदाच, रविवारी. बाराला आणि तीनला वजन करते – दुपारच्या जेवणाच्या वेळेत आठ-दहा ग्रॅम जातात. कुणाच्या ताटांत, ते मला माहीत आहे. त्यातली दोन ताटं मुलांची आहेत, हेही.

कसं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

डब्यात आता सत्तर ग्रॅम उरलंय. कालवा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी रोज त्याच काठाने फिरायला जाते. दर सोमवारी नवं पान उघडते आणि 'मीठ कालव्यात सोडणे' ही ओळ मागच्या पानावरून पुढे उतरवते. बाकी सगळ्या कामांवर टिक आहे.

विसरले, असं मी म्हणणार नाही.