अक्काच्या रक्तावर जगलेली जळू

अक्काची हनुवटी छातीला चिकटली होती. स्टोव्हच्या भडक्यात मान भाजली, जखमा भरल्या, पण कातडी आखडत गेली आणि माझ्या थोरल्या बहिणीला वर बघता येईना. कानडी मुलखातल्या चिकपेटेत, आमच्या घरी तिला बघायला आलेले लोक उप्पीट खाऊन, माना हलवून निघून जात. मला त्यांच्या बशा हिसकावून घ्याव्याशा वाटत.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. विलायतेत शिकून आलेल्या एका सर्जननी तिच्या खांद्याची कातडी वळवून मानेवर शिवली. दुसऱ्या दिवशी ती जांभळासारखी काळीनिळी पडली. "रक्त आत शिरतंय, पण बाहेर पडायला वाट नाही," डॉक्टर म्हणाले. साचलेलं रक्त ओढून काढायला त्यांनी जळवा मागवल्या. आईने डोळे मिटून घेतले. अक्का मात्र हसली. म्हणाली, "स्थळांपेक्षा ह्या बऱ्या गं. मला बघून परत तरी जात नाहीत."

जळू रक्त पिऊन टम्म फुगली की आपोआप गळून पडे. हळूहळू कातडीवर गुलाबी रंग चढला. एक दिवस अक्काने छताकडे बघितलं आणि पंख्यावरची जळमटं आम्हाला दाखवली. किती हसलो आम्ही! मग तिला ताप भरला. जखमेतलं विष अंगात भिनलं, इंजेक्शनं लागू पडेनात, आणि अक्का गेली. मानेवरची कातडी शेवटपर्यंत गुलाबीच होती. त्या रंगाचा मला आजही राग येतो.

वॉर्डातली आया शेवटची, पोट भरलेली जळू फेकायला निघाली, तेव्हा आईने तिचा हात धरला.

"तिच्यात माझ्या पोरीचं रक्त आहे."

सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या माझ्या आईने ती जळू काचेच्या बरणीत घालून घरी आणली. शेजारणी म्हणाल्या, हिचं डोकं फिरलं. त्यांच्याशी मी कडाकडा भांडले.

एकदा पोट भरलं की जळू महिनोन्महिने काही खात नाही. आई पाणी बदलायची, तिला न्याहाळत बसायची. जळू बारीक होत गेली, आणि आईही.

एका सकाळी पाणी बदलताना ती आईच्या मनगटाला चिकटली. ती सुटावी म्हणून मी मीठ आणायला धावले.

"राहू दे. स्वल्प थांब." आई जळूकडे एकटक बघत होती. "हिला भूक लागली गं. म्हणजे पोरीचं रक्त संपलं."

अक्का गेल्यापासून आई रडली नव्हती. त्या दिवशी मनगट मांडीवर ठेवून ती रडली, जळू पिऊन गळून पडेपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी वेळ.