रोग न आलेलं वर्ष

अकोल्याच्या फलाटावर बाबा शेवटपर्यंत तेच विचारत होते. "आपल्या कापसाले का कमी रोग आहेत? धानाचे पाहाले रायपूरले काहून जाऊन राहिली?"

पिकांच्या रोगांवर पीएचडी करणाऱ्यांसाठी विद्यापीठाचा प्रवासनिधी होता. मला तो एका हंगामापुरता मिळाला होता. धानावरच्या करप्याचे नमुने गोळा करायचे आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालेलं. रायपूर अजून कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होतं.

सदर बाजारामागे, मूळच्या वर्धेच्या एका काकूंकडे खोली मिळाली. मी त्यांच्या मुलांशी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तरं द्यायची. रोज बसने एखादं गाव गाठायचं आणि बांधाबांधाने पानं पाहायची. करप्याचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा असतो, मधे राखाडी. तो कुठेच दिसेना.

"ए बछर धान बने हे, दीदी," एक शेतकरी खुशीत म्हणाला. यंदाचं धान चांगलं आहे म्हणे. मी कसनुसं हसले.

त्या संध्याकाळी काकूंसमोर रडूच फुटलं.

"लोकायचं पीक चांगलं झालं, अन् तू रडून राहिली?" काकू म्हणाल्या. मग ताट वाढलं. "जेव पहिले."

जेवताना माझी मलाच लाज वाटली.

हंगाम संपल्यावर अकोल्यात निधीच्या समितीपुढे उभी राहिले. एका सरांनी विचारलं, "रोग सापडला नाही, तरी पुन्हा जायचंय?"

"हो सर. यंदा का आला नाही, ते कळल्याशिवाय पुढे कधी येईल हे कसं सांगणार?"

निधी मिळाला.

पुढच्या वर्षी ढगाळ, गार रात्रींमागून करपा आला. नमुन्यांच्या पिशव्या भरल्या, पण गेल्या वर्षी खुशीत बोलणारा तो शेतकरी आता आपल्याच बांधावर करपलेलं पान हातात धरून उभा होता. त्याच्याशेजारी उभं असताना मी ठरवलं, काम करायचं ते इथेच.

आता नवा रायपूरला राहते. रस्ते रुंद, बस तुरळक. इथल्या ज्या संशोधन संस्थेत नोकरी करते, तिथे विद्यार्थ्यांचे प्रवासनिधीचे अर्ज माझ्याकडेच येतात. रोग नक्की सापडेल का, असं मी कुणालाच विचारत नाही.

अकोल्याची मंडळी मात्र अजून विचारतात, परत कधी येणार म्हणून. परवा आईचा फोन आला. "दिवाळीले घरीच आहेस ना?"

"येते ना, आई."

"इकडे नाही वं. तुह्या घरी. आम्हीच येऊन राहिलो."

मी गाद्या उन्हात टाकल्या.