पास्त्याचं वाढप

डाव्या खांद्यावर नॅपकिन, उजव्या हातात डाव आणि नजर लांब कुठेतरी. "मागची ओळ झाली काय?" असं विचारत काका निघाले की समजायचं, जेवण सुरू झालं. मागे ओळ असो वा नसो.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे आणि मी खरेदी. आमच्या दोघांच्या मध्ये वीस वर्षं एक जाळीची खिडकी होती. नट-बोल्टसुद्धा ते वाढल्यासारखे द्यायचे. दहा मागितले की बारा. "असू दे, कमी पडायला नको." यावरून मी त्यांना कितीदा बोलले असेन. "बरोबर आहे मॅडम," म्हणायचे आणि पुढच्याला बारा द्यायचे. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आमचे साहेबही त्यांना काकाच म्हणायचे.

ते मानपाड्याकडच्या गावातले. तिथे हळदीला अख्खं गाव जेवायला असतं, आणि वाढायचा हात त्यांना तिथेच लागला. कारखान्यातली पूजा असो, दिवाळीचं जेवण असो, कुणाच्या बढतीचे वडापाव असोत, वाढायचे तेच. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण काकांना जेवताना पाहिलेलं आमच्यात कुणीच नव्हतं. "मी बसतो नंतर," म्हणायचे. नंतर म्हणजे पातेली घासायला गेल्यावर.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही बारा जणांनी त्यांना बाहेर जेवायला न्यायचं ठरवलं. डिझाइनमधल्या मुलीने ठाण्यातलं एक इटालियन हॉटेल सुचवलं. "मॅडम, तिथे त्यांना वाढताच येणार नाही. बसावंच लागेल." मला पटलं.

त्याच दिवशी दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला. "ताई, कार्यक्रम असला की हे घरी येऊन थंड जेवतात. एवढी वर्षं बघतेय. आज मी काय रांधणार नाय. त्यांना जेवूनच धाडा."

मी शब्द दिला. बाई फोनवरसुद्धा खमकी वाटत होती, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता.

हॉटेलात गेल्यावर कळलं की इथे प्रत्येकाची वेगळी डिश येत नाही. मोठमोठ्या थाळ्या टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि आपापलं वाढून घ्यायचं. परातीएवढ्या थाळीत पास्ता आला आणि मी डिझाइनच्या मुलीकडे पाहिलं. तिने मेन्यूकार्ड तोंडासमोर धरलं.

काका उभे राहिले होते. कापडी नॅपकिन खांद्यावर गेला होता.

आधी त्यांनी किसलेलं चीज घेतलं आणि मिठासारखं प्रत्येकाच्या ताटात वर, मधोमध, चिमूटभर ठेवलं. त्याच्या डावीकडे ऑलिव्ह, लोणच्याच्या जागी. खाली सॅलड, कोशिंबीर म्हणून. पास्ता उजवीकडे. साहेबांनी काटा उचलला तर म्हणाले, "थांबा साहेब, सगळ्यांना होऊ दे." साहेबांनी काटा ठेवला. लझान्यापाशी मात्र त्यांचा हात अडला. त्यांनी वेटरला बोलावलं.

"हे डावीकडे की उजवीकडे?"

"सर, कुठेही चालेल."

"कुठेही कसं चालेल? भाजी आहे का पक्वान्न?"

वेटर आत विचारायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. काकांनी तोवर लझान्या मधोमध मांडला आणि गार्लिक ब्रेडची टोपली उचलली. "मागची ओळ झाली काय?"

या वेळी मागे खरंच ओळ होती. एक अनोळखी कुटुंब वाढदिवस साजरा करत होतं. मी खुर्चीतून उठेपर्यंत आमचा ब्रेड त्यांच्या ताटात पडलासुद्धा. त्यांच्या आजींनी ताटावर हात आडवा धरला. काकांनी तो हात अलगद बाजूला केला. "घे गो आजी, मऊ आहे." आजी खूश. त्यांनी आणखी एक मागून घेतला.

मी जाऊन टोपली काढून घेतली. "काका, बसा."

"बसतो ना मॅडम. एवढा एक हात फिरवून."

"वहिनींनी आज स्वयंपाक केलेला नाही."

ते एकदम थांबले. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

काका बसले. खुर्चीच्या कडेवर, बस सुटायला दोन मिनिटं असल्यासारखे. मग आम्ही बाराही जणांनी एकाच वेळी त्यांना वाढायला घेतलं. सॅलडवर पास्ता पडला, पास्त्यावर लझान्या, वर कुणीतरी ऑलिव्ह ओतले. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"मॅडम, यापेक्षा आपलं स्क्रॅपचं शेड बरं होतं."

सगळे हसले. साहेबांनी खिशातून भाषणाचा कागद काढला आणि तो पाहून काकांचा चेहरा पडला. हात ताटाला लागेना. मी त्यांच्याकडे वाकले आणि विचारलं, नक्की अडचण काय आहे.

ते हळूच म्हणाले, "उभा असलो की भात का डाळ, एवढंच बोलायचं असतं. बसलो की लोक बोलायला लागतात. मग मला काय बोलायचं ते सुचत नाय."

वीस वर्षं आम्ही याला सेवाभाव समजत होतो.

"मग बोलू नका," मी म्हटलं. "जेवा."

साहेबांच्या हातातला कागद मी घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला. भाषण नाही, असं सगळ्यांना सांगितलं. फारसं दुःख कुणाला झालं नाही.

काका हाताने जेवायला लागले. आधी बेताने, मग पोटभर. मी डाव घेऊन त्यांच्या शेजारीच उभी राहिले, कारण मी बसले असते तर ते उठले असते. पास्ता संपला की पास्ता, लझान्या संपला की लझान्या. टेबलावर कुणी बोलत नव्हतं. तिसऱ्यांदा वाढल्यावर त्यांनी मान वर न करताच पायाने बाजूची खुर्ची मागे सरकवली आणि आपल्या ताटाशेजारी थोडी जागा केली.

माझं ताट ओढून घेऊन मी तिथे बसले.