मोठ्या याडीची लूप

दारव्ह्याच्या आमच्या नर्सिंगच्या शाळेत एक खोली रिकामी पडली होती. नव्या मॅडमच्या डोक्यात आलं की तिथे पाळणा लांबवायच्या आणि गर्भ पाडायच्या जुन्या-नव्या वस्तूंचं छोटं संग्रहालय करायचं. "सिस्टर, हे तुम्हीच करू जाणा," असं म्हणत त्यांनी काम माझ्या गळ्यात मारलं. खोटं कायले बोलू, मला आनंदच झाला. नर्स होऊन तीस वर्षं झाली, पण नको तिथे नाक खुपसायची खोड त्याहून जुनी आहे.

मग काय, तीन महिने भंगारवाल्यासारखी फिरले. एका जुन्या कपाटात लाल त्रिकोणाच्या पाट्या सापडल्या, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. बोरी अरबच्या एका म्हाताऱ्या सुईणीनं चित्रकाची वाळकी मुळी दिली. गर्भपाताचा कायदा नव्हता तेव्हा अडलेली बाई एक तर यानं मोकळी व्हायची, नाहीतर मरायची, असं ती सांगत होती, आणि "माहं नाव लिहू नोको बाई," असं तीनदा बजावत होती. निरोध कसा चढवायचा ते दाखवायचा लाकडी नमुनाही मिळाला. तो टेबलावर मांडला तर आमच्या शिपाईभाऊंनी लाजून त्यावर रुमाल टाकला. मी काढायची, ते टाकायचे. असं चार दिवस चाललं.

आणि एका खोक्यात लूप निघाली. तांबीच्या आधीची ही. पांढरं प्लास्टिक, नागमोडी, खाली दोरा. मी नोकरीला लागले तोवर ती बंद झाली होती, त्यामुळे मी फक्त पुस्तकात पाहिलेली. हातावर घेऊन उलटीपालटी केली, वाकवून पाहिली, सोडली की पुन्हा तशीच. तिला काचेखाली मधोमध जागा दिली.

उद्घाटनाला मोठ्या याडीला तांड्यावरून घेऊन आले. आमच्या बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. मोठी याडी म्हणजे बाबाची पहिली बायको. तिला एक मुलगा झाला होता, तो वर्षाच्या आत गेला. त्यानंतर सात वर्षं तिची कूस उजवली नाही, म्हणून बाबानं माझ्या आईशी लग्न केलं. मी आईच्या पोटची, पण वाढवलं दोघींनी. होळीला तांड्यात नव्या पोराची धुंड करतात, सगळा तांडा त्या अंगणात जमतो, गाणी होतात, पुऱ्या होतात. मोठी याडी त्या दिवशी घराबाहेर पाय ठेवायची नाही. तिची सावली नको, असं बाया तिच्या तोंडावर म्हणायच्या. लहानपणी मला त्या बायांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या.

तर मोठी याडी काचेला नाक लावून एकेक वस्तू पाहत होती. हे काय, ते काय, हे कोणाले लावतात. लूपपाशी आली आणि थांबली.

"हे तं माह्या पोटात हाय," ती सहज म्हणाली. ती आमच्या गोरबोलीत बोलते, मी इथे मराठीत सांगते.

माझं डोकंच फिरलं. शिबिरातले आकडे भरायचे म्हणून कोणीतरी बसवून टाकली असणार, आणि ती कशासाठी ते हिला एका शब्दानं सांगितलं नसणार! पन्नासच्या वर वर्षं ही बाई बोलणी खात राहिली, सवत घरात आली, आणि कारण काय तर हे बोटभर प्लास्टिक? तिच्याकडून आईपण हिसकावलं होतं की नाही, एवढं मला कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला एक्सरेला नेलं. "मले काई दुखत नाही, कायले फोटो काढतं?" असं कुरकुरत ती ऑटोत बसली. फोटोत लूप साफ दिसत होती. त्रास नाही तर घाई नाही, पण मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर बाकड्यावर येऊन मी रडायलाच लागले.

"तुले कोणी सांगतलंच नाही ना?"

"काहून नाही? सांगतलं ना. पोराले सुई द्याले गेलती, तवा त्या नर्सबाईनं इचारून बसवली. म्हणे, दुसरं पायजे तवा ये, काढून देतो."

"मंग गेली काहून नाही?"

तिनं फोटोचं पाकीट मांडीवर सरळ केलं. "होळीले आठ दिवस राह्यलते. त्याच्या धुंडीचे गहू दळून ठेवलते. अकरा महिन्याचं पोर, दोन दिवस ताप आला. आणखी एक गाडणं माह्याच्यानं नसतं झालं."

"अन् बाबा?"

"त्याले पोर पायजे होतं. म्हणून म्याच तुह्या मायले पाहून आणलं."

आयुष्यभर दारोदार जाऊन बायांना विचारलं, किती मुलं हवीत, कधी हवीत. घरातल्या बाईला हे विचारावं असं कधी मनातही आलं नाही. स्वतःची लाज वाटली. पण खोड ती खोड. लहानपणापासून मनात टोचणारी एक गोष्ट होती, ती विचारूनच टाकली.

"मी झाली तवा तू मले हातात घेत नव्हती म्हणे. आत्या सांगे, तू जळत होती."

"नव्हती घेत."

"काहून?"

"तुले बारावा महिना लागू देल्ला पयले," मोठी याडी म्हणाली. "मंग घेतलं."