सासऱ्यांचा पासवर्ड

आमच्या दापोड्याच्या भातशेतावर गोदाम उभं राहिलं, त्या वर्षी सासऱ्यांनी घरात कॉम्प्युटर आणला. जोडून देणाऱ्याने सांगितलं, एक अकाउंट मालकाचं, बाकीची साधी. मालक अर्थातच सासरे! पासवर्ड टाकताना ते मला "तिकडं बघ" म्हणायचे आणि एका बोटाने अक्षरं शोधत बसायचे. कॉम्प्युटरचा कोर्स केला होता मी, पण मी पडले सून. मला साधं अकाउंट.

गोदामातल्या एका ऑफिसच्या मालाच्या याद्या मी घरी टाइप करून द्यायचे. लग्नानंतर माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम होतं. पण कॉम्प्युटर इतका मंदावला की एक पान उघडेपर्यंत डाळ शिजायची. ऑफिसने बजावलं, शनिवारी यादी आली नाही तर काम दुसऱ्याला देऊ.

मी साफसफाईचं सॉफ्टवेअर चालवलं. त्याला काहीच सापडलं नाही. सासरे मागेच उभे होते.

"बघ, साफ हाय. तुझाच हात चालत न्हाय."

माझं डोकंच फिरलं. साध्या अकाउंटमधून चालवलं की त्याला माझ्यापुरताच कचरा दिसतो, मालकाच्या खोलीत झाडू न्यायची परवानगी नसते, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं. ऐकतील तर शपथ!

शुक्रवारी मी रडकुंडीला आले. "बाबा, एकदा तुमच्या अकाउंटमधून चालवू द्या. नाहीतर माझं काम जाईल हो."

ते खुर्चीत बसले, पासवर्ड टाकला. सॉफ्टवेअर तेच, पण आता यादी संपेना. वेग वाढवणारे, वेग दुप्पट करणारे कसले कसले प्रोग्रॅम एकमेकांच्या उरावर बसले होते.

"हे कोणी टाकलं?"

"मीच. दुपारी तू भांडी घासाला जायचीस, तवा. पडद्यावर पाटी यायची. त्यातलं 'स्पीड' एवढं वाचता येतं मला. मी हो म्हणायचो." मग खाली बघून म्हणाले, "तू ताटकळत बसायचीस, बघवत न्हवतं गो."

भांडायची सगळी तयारी करून बसले होते मी. ते राहूनच गेलं.

सगळं काढून टाकलं. शनिवारी यादी वेळेत गेली. संध्याकाळी त्यांनी आपणहून सांगितलं, मालकाचं अकाउंट तू घे, मला साधं दे. नंतर कधी पासवर्ड टाकायची वेळ आली की मी मुद्दाम म्हणायचे, "बाबा, तिकडं बघा."

आणि ते खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.